आकडा फळ्यावर, नाव कपाटात

(नाशिकमध्ये गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

२०२० चा एप्रिल. कोरोनाच्या टाळेबंदीला महिना होत आला होता. दुपारी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. कागद वाकडा धरलेला, खालच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. पण रकाने स्वच्छ वाचता येत होते : अनुक्रमांक, नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाइल, नमुना घेतल्याची तारीख, अहवाल. आमच्या खात्यात रुग्णांच्या अशा यादीला लाइन लिस्ट म्हणतात. आरोग्य खात्यात सांख्यिकीचं काम करताना अशा याद्या मी वर्षानुवर्षं हातानं आखल्या आहेत, त्यामुळे पाहताक्षणी ओळखली. सातव्या ओळीवर आमच्या मागच्या गल्लीतलं घर होतं. नवरा, बायको आणि दहावीतली मुलगी.

संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं पिशवी विजेच्या खांबाला अडकवली, लांबूनच हाक मारली आणि मागं न बघता निघून गेला. मुलीला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले, कारण यादीत नंबर तिचाच होता. तिघंही बरी होऊन घरी आली. पण वर्षाच्या आत ते घर विकून दुसरीकडे राहायला गेले.

त्याच आठवड्यात मला दोन-चार साध्या गोष्टी हव्या होत्या. पंचवटीत रुग्ण किती, सातपूरला किती, सिडकोत किती. त्यांची वयं काय. बायका किती, पुरुष किती. तपासण्या किती झाल्या. त्या मिळवायला मला ओळखीपाळखीनं चार ठिकाणी फोन करावे लागले, तरीही अर्ध्याच मिळाल्या. रोज संध्याकाळी यायचं ते एक पत्रक : आज बाधित इतके, बरे झाले इतके, मृत्यू इतके, एकूण इतके.

मंडळी, आज मला मांडायचं आहे ते एवढंच, की आपलं उलटं झालं. जे कपाटात कुलपात असायला हवं होतं ते गावभर फिरलं, आणि जे महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या बाहेर फळ्यावर लिहायला हवं होतं ते कपाटात राहिलं.

यादी फिरली की नुकसान त्या एका घराचंच होत नाही. पुढचा माणूस तपासणीला जात नाही. अंगात ताप असला तरी पॅरासिटामॉल घेऊन घरात पडून राहतो, कारण नाव यादीत येईल याची त्याला आजारापेक्षा जास्त धास्ती असते. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरून रुग्ण शोधत, तेव्हाही लोक आजारी माणसं लपवू लागले होते. माणसं लपली की आकडा खोटा होतो. म्हणून नाव झाकणं ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नाही. नाव झाकलं तरच खरा आकडा हाती येतो.

आता आकड्याकडे येतो. लोकसंख्याविषयक माहिती म्हणजे काय, तर वय, लिंग, राहण्याचं ठिकाण आणि भागाकारात खाली बसणारी लोकसंख्या. हा खालचा आकडा सगळे विसरतात. समजा एका भागात साठ रुग्ण सापडले आणि दुसऱ्या भागातही साठच. पत्रकात दोघं सारखे. पण पहिल्या भागात साठ हजार माणसं राहतात आणि दुसऱ्यात पंधरा हजार. म्हणजे पहिल्यात हजारी एक आणि दुसऱ्यात हजारी चार. तुमच्याकडे फवारणीची, तपासणीची, डॉक्टरांची एकच गाडी असेल तर ती कुठे पाठवाल? त्यात वय घाला. एका वस्तीत कारखान्यात जाणारी पंचविशी-तिशीतली पोरं जास्त, दुसरीकडे निवृत्त माणसं जास्त. मृत्यू दोन्हीकडे सारखेच असतील तर त्या तरुण वस्तीत काहीतरी भलतं घडतंय. रुग्णालयात उशिरा पोचताहेत का? रजा मिळत नाही म्हणून अंगावर काढताहेत का? हा प्रश्न वयाचा रकाना असल्याशिवाय कुणाला सुचणारसुद्धा नाही.

आणि खालचा आकडा आपल्याकडे होता कुठला? २०११ च्या जनगणनेचा. नाशिक शहर १४ लाख ८६ हजार. २०२० मध्ये साथ आली तेव्हा तो नऊ वर्षांचा जुना होता. या नऊ वर्षांत पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत शहर कसं पसरलं ते तुम्ही रोज पाहत होता. २०२१ ची जनगणना साथीमुळे झालीच नाही.

भागाकारात वर बसणारा आकडाही सरळ नसतो. मृत्यूची नोंद कुठे होते? जिथे मृत्यू झाला तिथे. १९६९ च्या कायद्याचा तो नियमच आहे. सुरगाण्याचा, पेठचा, दिंडोरीचा माणूस नाशिकच्या रुग्णालयात दगावला की तो नाशिक शहराच्या खात्यावर पडतो. नुसत्या नोंदी मोजल्या तर शहर फार आजारी दिसतं आणि पाडा ठणठणीत. फॉर्मवर मृताचा नेहमीचा पत्ता असतो. तो लावून आकडे पुन्हा मांडले तरच खरं चित्र दिसतं. हे काम कठीण नाही, कंटाळवाणं आहे.

कारणाच्या रकान्यावर मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण माझी बरीच वर्षं त्या रकान्यात गेली. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतात. त्यात कारणाच्या ओळी एकाखाली एक असतात. वरच्या ओळीत शेवटचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. साथ ओळखायची तर ती खालची ओळ हवी. माझ्या टेबलावर आलेले कितीतरी फॉर्म पहिल्याच ओळीवर थांबलेले असायचे : ‘हृदयक्रिया बंद पडली.’ मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. ते कारण नव्हे, ते मरण. मी फॉर्म परत पाठवायचो आणि रात्रपाळी करून थकलेला एखादा निवासी डॉक्टर चिडायचा. त्याची चूक नव्हती, त्याला ते कुणी बसून शिकवलेलंच नव्हतं. आणि हे झालं रुग्णालयातलं. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी कारणाचा वैद्यकीय दाखला असलेले मृत्यू होते साधारण २२.५ टक्के. बाकीची माणसं कशानं गेली ते नोंदवहीला माहीत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधायला तुमच्यापैकी अनेकांनी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, उघडली असतील. माझ्या एका नातेवाइकासाठी मीही निफाड तालुक्यातल्या एका गावाचं बाड पाहिलं. मोडी वाचणारे एक गृहस्थ सोबत होते. ते जात शोधत होते. माझी नजर कारणाच्या रकान्यावर गेली. साल १९१८, दिवाळीच्या आसपासचे दिवस. ते बोट ठेवून वाचत होते : ताप. ताप. ताप. एकाच घरातल्या तिघांच्या पुढे ताप. पानं संपतात, ताप संपत नाही. ती इन्फ्लुएन्झाची साथ होती, पण कोतवालाच्या वहीत त्या आजाराला रकाना नव्हता. देशाचा हिशेब लागला तो १९२१ च्या जनगणनेत. १९११ पेक्षा माणसं कमी भरली. १९०१ पासूनच्या जनगणनांत असं ते एकच दशक.

म्हणून कारण खात्रीचं नसेल तेव्हा सगळे मृत्यू मोजायचे. कशानं गेले हे बाजूला ठेवून, या आठवड्यात या भागात या वयाची किती माणसं गेली आणि गेल्या पाच वर्षांत याच आठवड्यात किती गेली होती, एवढंच पाहायचं. जास्तीचे किती, ते कुणाला लपवता येत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमरधाम स्मशानभूमीबाहेर ताटकळलेली माणसं आपण डोळ्यांनी पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ मिळून भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज २०२२ मध्ये दिला. कोरोना मृत्यूंचा सरकारी आकडा होता पाच लाखांच्या आत. सरकारनं त्या अंदाजाच्या पद्धतीवर हरकत घेतली, त्यातले काही मुद्दे विचार करण्यासारखेही होते. पण असे वाद मिटतात ते नोंदवही टेबलावर ठेवून. २०२१ सालचा देशाचा नागरी नोंदणी अहवाल बाहेर आला २०२५ च्या मे महिन्यात. त्यात १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद आहे, आदल्या वर्षी ८१ लाख होती. या नोंदी गावोगावी, प्रभागाप्रभागांत त्या त्या आठवड्यात झालेल्याच होत्या. आपल्यापर्यंत यायला त्यांना चार वर्षं लागली. मला याचं फार वाईट वाटतं. मेलेल्या माणसाच्या नोंदीचा जिवंत माणसाला उपयोग व्हायचा तर ती त्याच आठवड्यात दिसावी लागते.

आठवड्यात दिसणं शक्य आहे का, असं तुम्ही विचाराल. लंडनमध्ये १८५४ मध्ये दिसत होतं. सोहो भागातल्या कॉलऱ्याची डॉक्टर जॉन स्नो यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला, ते आपण ऐकलेलं असतं. मला त्याच्या आधीचा प्रसंग मोलाचा वाटतो. स्नो आधी नोंदणी कार्यालयात गेले आणि २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यातल्या त्या भागातल्या कॉलऱ्याच्या मृत्यूंची यादी उतरवून घ्यायची परवानगी त्यांनी मागितली. ८९ मृत्यू होते. ते पत्ते घेऊन ते वस्तीत गेले, तेव्हा जवळजवळ सगळे मृत्यू त्या एका पंपाच्या आसपासचे निघाले. त्याच कार्यालयात विल्यम फार हे सांख्यिकीतज्ज्ञ होते आणि लंडनचे मृत्यू तिथून दर आठवड्याला छापून प्रसिद्ध होत. म्हणजे दारं दोन होती. आकड्याचं दार सगळ्यांना उघडं. पत्त्यांचं दार परवानगीनं, शोध घेणाऱ्या डॉक्टरपुरतं.

आपल्यालाही ही रीत परकी नाही. इथून हाकेच्या अंतरावर तीर्थोपाध्यायांच्या घरी वंशावळीच्या वह्या आहेत. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं. गुरुजी बाडाची दोरी सोडतात, पानं उलटतात, आणि आपल्या पणजोबांनी इथे येऊन केलेली सही समोर येते. माझ्या पणजोबांची मी पाहिली आहे, शाई तपकिरी झालेली. पण मी शेजाऱ्याच्या कुळाचं पान मागितलं तर गुरुजी आधी विचारतील, तुम्ही त्यांचे कोण?

एक अडचण खरी आहे, ती मी टाळणार नाही. कधीकधी आकडाच नाव होऊन बसतो. शहरातल्या पन्नास हजारांच्या प्रभागात ‘स्त्री, वय ३० ते ३९, रुग्ण ११’ असं लिहिलं तर कुणाचं काही उघड होत नाही. सुरगाणा तालुक्यातल्या तीनशे वस्तीच्या पाड्यावर ‘स्त्री, वय ३४, रुग्ण १’ लिहिलं की सगळ्या पाड्याला ती कोण हे कळतं. तिथे वयाचे गट मोठे करायचे, पाच-सहा गावं एकत्र धरायची आणि पाचपेक्षा कमी आकडा असेल तर ‘पाचहून कमी’ एवढंच लिहायचं. जगभरची सांख्यिकी कार्यालयं असंच काहीतरी करतात. पण ही अडचण पुढे करून सगळा तक्ताच झाकून ठेवणं मला मान्य नाही.

कायद्याचं थोडक्यात. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, की कुणी मागण्याची वाट न पाहता खात्यांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला आणि वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालं. पण प्रभागवार, वयवार बेरीज ही कुणाची वैयक्तिक माहिती नव्हे. हे वाक्य पाठ करून ठेवा, खिडकीवर उपयोगी पडेल.

आता आपल्या दाराशी काय आलंय ते बघा. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मोठी स्नानं. जनगणना मार्चमधले नाशिककर मोजेल, पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर असलेली माणसं त्यात नसतील. त्या आठवड्यात खालचा आकडा रोज बदलेल. हरिद्वारला १८६७ च्या कुंभात कॉलरा झाला आणि यात्रेकरूंबरोबर तो वाटेवरच्या गावांत पोचला. तेव्हा साधूग्रामातल्या, घाटांवरच्या दवाखान्यांच्या केसपेपरवर दोन रकाने वेगळे हवेत : इथला मुक्काम कुठे, आणि मूळ गाव, जिल्हा. पहिल्यावरून कुठल्या सेक्टरचं पाणी तपासायचं ते कळेल. दुसऱ्यावरून कुठल्या जिल्ह्याला त्याच रात्री निरोप द्यायचा ते कळेल. आणि सेक्टरवार जुलाब-उलटीचे, तापाचे रोजचे आकडे तिथल्याच फळ्यावर खडूनं लिहिलेले हवेत. लोक घाबरतील, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. २०२० मध्ये लोक घाबरले ते फळा कोरा होता म्हणून. कोऱ्या फळ्यावर ज्याला जे हवं ते त्यानं लिहिलं.

मी एक अर्ज तयार केला आहे. सहाही विभागीय कार्यालयांकडे तो द्यायचा आहे. मागणी एकच : दर सोमवारी आदल्या आठवड्यातले एकूण मृत्यू आणि साथरोगांचे रुग्ण, प्रभागवार, वयोगटवार, स्त्री-पुरुष वेगळे, गेल्या पाच वर्षांच्या त्याच आठवड्याच्या आकड्यासह. साथ असो वा नसो. कागद बाहेर पडण्याच्या वाटेवर टेबलावर ठेवलाय, पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे. सही करणाऱ्यांनी सही आणि आपला विभाग एवढंच लिहावं. मोबाइल क्रमांकाचा रकाना मी त्यात आखलेला नाही.