बेल व्ह्यूचे एक्के

(दृश्य: सुरुवातीच्या फितीपाशी उभे असलेले चार रायडर. इंजिनांचा आवाज चढत जातो.)

या मोटारसायकलला ब्रेक नसतो. गिअर एकच. 500 सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन आणि टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल. समोरची फीत वर उडते आणि चौघे सुटतात. घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या, जेमतेम मिनिटभराचा खेळ. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला काहीच नाही. अशा 15 शर्यतींच्या गुणांची संघवार बेरीज केली की सामन्याचा निकाल लागतो.

आता वळणाकडे नीट बघा. वळण यायच्या आधीच रायडरने मागचं चाक बाहेर फेकलंय. पुढचं चाक उजवीकडे, गाडी मात्र डावीकडे चाललीय. डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो, तो जमिनीवरून घासत जातो. मागच्या चाकाने उडवलेला तांबूस चुरा थेट मागच्या रायडरच्या तोंडावर. आणि एवढं होऊनही उजवी मूठ पिळलेलीच, कारण गाडी ताब्यात राहते ती मागच्या चाकाच्या जोरावरच.

या खेळाला म्हणतात स्पीडवे. मँचेस्टरच्या पूर्वेकडच्या गॉर्टन भागात तो जवळजवळ शंभर वर्षं टिकून आहे. ज्या संघाने तो टिकवला त्याचं नाव बेल व्ह्यू एसेस, आणि त्याचं चिन्ह किलवरचा एक्का.

(दृश्य: बेल व्ह्यूची जुनी छायाचित्रं. हत्ती, कारंजी, गर्दी.)

बेल व्ह्यू ही मुळात प्राण्यांची बाग. जॉन जेनिसन नावाच्या माणसाने 1836 मध्ये सुरू केलेली. पुढे तिथे सर्कस आली, नाचघरं आली, आतषबाजी आली. आजूबाजूला गिरण्या आणि कारखाने. बंगाल-नागपूर रेल्वेच्या मालगाड्या ओढणारी अजस्र गॅरेट इंजिनं याच गॉर्टनच्या बेयर-पीकॉक कारखान्यात घडली. आठवडाभर घाम गाळणाऱ्या कामगार वस्तीची ही हक्काची मौजेची जागा होती, आणि स्पीडवे तिथे रुजला तो म्हणूनच.

खेळ आला ऑस्ट्रेलियातून. 19 फेब्रुवारी 1928 रोजी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथे शर्यती झाल्या आणि आयोजकांनी स्वप्नातही पाहिली नव्हती एवढी गर्दी लोटली. काही महिन्यांतच देशभर ट्रॅक उभे राहिले. मँचेस्टरमध्ये त्याच वर्षी कर्कमनशुल्म लेनवरच्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात मोटारसायकली धावल्या, आणि 23 मार्च 1929 ला प्राण्यांच्या बागेतच, हाइड रोडला, स्पीडवेचं मोठं मैदान सुरू झालं. 418 यार्डांची फेरी आणि ऐसपैस वळणं. इथे मागून येणाऱ्यालाही बाहेरच्या अंगाने मुसंडी मारायला वाव होता. हाइड रोडची शर्यत शेवटच्या वळणापर्यंत खुली असायची.

संघाने मग धडाकाच लावला. 1933 ते 1936 सलग चार वर्षं राष्ट्रीय लीगचं विजेतेपद. लाल चामड्याच्या पोशाखातला फ्रँक व्हॅरी, बिल किचन, ऑस्ट्रेलियाचा मॅक्स ग्रॉसक्रॉइट्झ आणि एरिक लँग्टन.

लँग्टनची गोष्ट सांगायलाच हवी. 1936 मध्ये वेम्बलीला पहिली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली. लँग्टन आणि ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग यांचे गुण सारखे झाले, म्हणून दोघांचीच निर्णायक शर्यत ठरली. सुरुवातीलाच लँग्टनकडून फीत तुटली. नियमाने तो बाद होता. पण व्हॅन प्रागला असं जिंकणं मान्य नव्हतं, त्याने शर्यत पुन्हा घ्यायला लावली. लँग्टन शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता; अगदी अखेरीस व्हॅन प्रागने त्याला गाठलं आणि निसटत्या फरकाने जिंकला. मला या प्रसंगात दोघंही मोठे वाटतात.

महायुद्धात ब्रिटनमधले जवळजवळ सगळे ट्रॅक बंद पडले. बेल व्ह्यूला मात्र शर्यती चालू राहिल्या.

(दृश्य: पीटर क्रेव्हनचं छायाचित्र.)

हा पीटर क्रेव्हन. लिव्हरपूलचा, 1934 चा जन्म. चणीने इतका लहान की बाकीच्या रायडरांत पोरसवदा दिसायचा. अंगात ताकद कमी, पण तोल असा की गाडी कितीही आडवी झाली तरी तो तिच्यावरच. लोक त्याला तोलाचा जादूगार म्हणत. 1955 मध्ये तो जगज्जेता झाला, 1962 मध्ये पुन्हा. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिला इंग्रज.

20 सप्टेंबर 1963. एडिंबराच्या ओल्ड मेडोबँक मैदानावर सामना होता. पुढे चाललेला रायडर अचानक पडला. क्रेव्हन मागोमाग होता. पडलेल्याच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून क्रेव्हनने ती वळवली आणि कुंपणावर आदळला. चार दिवसांनी तो गेला. वय 29. क्षणार्धात दुसऱ्याच्या जिवाचा आधी विचार करणाऱ्या या माणसाच्या नावाने बेल व्ह्यूने स्मृतिस्पर्धा सुरू केली.

1969 मध्ये न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आला आणि कसून केलेली तयारी कशाला म्हणतात ते मँचेस्टरने पाहिलं. 1968, 69 आणि 70 असा सलग तीनदा तो जगज्जेता झाला, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. त्याच्या काळात संघानेही 1970, 71 आणि 72 अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. त्याच्यानंतर गर्दीला आपला वाटला तो जवळच्याच चेशरचा पीटर कॉलिन्स. पाच भाऊ, पाचही स्पीडवेचे रायडर! पीटरने 1976 मध्ये पोलंडमधल्या होझुफला प्रचंड गर्दीपुढे जागतिक अजिंक्यपद पटकावलं. पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडलेलं असताना तो अंतिम फेरीत उतरला आणि मॉगरपेक्षा फक्त एका गुणाने मागे राहिला.

एवढं वैभव होतं, पण पायाखालची जमीन संघाची नव्हती. 1977 मध्ये प्राण्यांची बाग बंद झाली. स्पीडवे आणखी दहा वर्षं तग धरून राहिला, 1982 मध्ये संघाने लीगही जिंकली. मग मैदान विकलं गेलं. 1 नोव्हेंबर 1987 ला हाइड रोडला शेवटचा स्पीडवे झाला, आणि मॉगर-कॉलिन्सच्या त्या वळणांच्या जागी जुन्या मोटारींचे लिलाव होऊ लागले. खेळाच्या इतिहासात इतकी मोलाची जागा वाचवता आली नाही, ही मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात दुखरी बाब वाटते.

संघ मात्र मोडला नाही. 1988 मध्ये तो कर्कमनशुल्म लेनला, 1928 च्या त्याच कुत्र्यांच्या मैदानात परतला. ट्रॅक आखूड, वळणं अरुंद, जागा पुन्हा दुसऱ्याचीच. तिथूनही 1993 ची लीग जिंकली, पण पुढची वर्षं खडतर गेली.

खास स्पीडवेसाठी मैदान हवं, ही मागणी लावून धरणाऱ्यांत हाइड रोड गाजवलेला रायडर क्रिस मॉर्टन होता. अखेर 2016 मध्ये, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. 19 मार्चला उद्घाटनाची रात्र. लोक येऊन बसले आणि ट्रॅक धोकादायक असल्याने स्पर्धाच रद्द झाली. त्याच वर्षी संघ आर्थिक संकटातही सापडला. सुरुवात याहून वाईट होऊ शकत नव्हती.

पण ट्रॅक सुधारला आणि इतका सुधारला की पाठलाग करणाऱ्याला पुन्हा बाहेरून वाट मिळू लागली. ऑक्टोबर 2021 मध्ये याच मैदानावर ब्रिटनने सांघिक विश्वविजेतेपद मिळवलं, 1989 नंतर पहिल्यांदाच. त्या चमूतला डॅन ब्यूली बेल व्ह्यूचाच रायडर. आणि 2022 मध्ये अंतिम लढतीत शेफिल्डला हरवून एसेस 29 वर्षांनी पुन्हा देशातले अव्वल ठरले, आपल्या खेळासाठी बांधलेल्या या नव्या मैदानात राहून पहिल्यांदाच.