पंचवीसचा ब्रश, दीडशेचा ब्रश

(दृश्य : किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, वर निळी ताडपत्री. पावसाची उघडीप.)

१ जून ते ३१ जुलै. कोकण किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. जाळी सांधायची, इंजिन खोलायचं, आणि ऊन पडलं की रंगाचा डबा उघडायचा.

लाकडी होडीपाशी बसलेल्या रंगारीकाकांच्या ब्रशची मूठ जुन्या रंगाच्या पापुद्र्यांनी जाड झालीये. ब्रश घेतला तेव्हा दीडशेचा होता. पलीकडे फायबरची होडी. तिथल्या पोराच्या पायाशी पंचवीस-पंचवीस रुपयांच्या ब्रशांचा ढीग. संध्याकाळी सगळे कचऱ्यात.

मग उधळ्या कोण?

(जवळून : अंगठ्यानं फाकवलेला स्वस्त ब्रश.)

केसांच्या मधोमध ही लाकडी पट्टी बघा. ती चांगल्या ब्रशातही असते, पण इथं केस वाचवायला जाड केलीये. त्यामुळे ब्रश रंग धरत नाही, वीतभर ओढला की पुन्हा डब्यात. वर केस गळतात. ओल्या ऑइल पेंटवरचा केस नखानं काढायला जा, ओरखडा उठलाच. काकांचा ब्रश डुकराच्या केसांचा. त्या केसांची टोकं मुळातच फाटलेली असतात, रंग तिथं टिकतो. (घराच्या भिंतीला मात्र हा ब्रश नको. इमल्शनमधलं पाणी पिऊन केस लोळतात. तिथं नायलॉनचा बरा.)

तरी त्या पोराचंच बरोबर आहे. फायबरवर तो रंग नाही, रेझिन लावतोय, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणारा चिकट द्रव. त्यात हार्डनर पडला की वीसेक मिनिटांत ते आळायला लागतं, आणि ब्रशात राहिलेलं रेझिन दगड होतं. धुवायचं तर अ‍ॅसिटोन हवं, तेही वेळेत. तेवढ्या पैशात नवा ब्रश येतो. इथं दीडशेचा ब्रश आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

काकांचा हिशेब वेगळा, पण तोही सांभाळावा लागतो. ऑइल पेंटचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये तीनदा तरी खळबळावा लागतो. दर वेळी ते ओतून दिलं, तर चार दिवसांत ब्रशापेक्षा टर्पेंटाइनच महाग. काका ओततच नाहीत. बाटलीत भरून ठेवतात, गाळ खाली बसू देतात, आणि वरचं निवळ पुन्हा वापरतात.

(दृश्य : फळीवर ओळीनं तीन ब्रश.)

नवा ब्रश आधी प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताला. काय केस गाळायचे ते तिथं गाळ. मुरला की शेवटच्या हाताला. झिजून आखूड झाला की तळाला डांबर फासायला.

चौथा ब्रश बारीक, होडीचं नाव लिहायचा. तो खोबरेल लावून फडक्यात गुंडाळलेला असतो. काका त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. चित्रीकरणासाठी मागितला, तर त्यांनी तो लांबूनच दाखवला.