पलीकडं गेलेले आबा

मंडळी, नमस्कार.

ज्यांच्याविषयी बोलायला उभी आहे, ते आमचे फौजी आबा आता हयात नसावेत. २००३ साली मी लंडनला निघाले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. पुढे मुलाने त्यांना मुंबईला नेलं, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक. असते तर शंभरी केव्हाच ओलांडली असती.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. एरवी धोतर नि बंडी; पण १५ ऑगस्टला शाळेच्या झेंड्यासमोर कोटावर मेडलं लावून ताठ उभे राहायचे. त्यात एक सहा टोकांची चांदणी होती. तिची फीत कडेला लाल, मग पांढरी, मधोमध हिरवी. मला वाटे, आपल्याच झेंड्यातलं केशरी गडद झालंय. "न्हाई पोरी, ह्यो इटलीचा," आबा म्हणायचे.

सेनियो नदीची गोष्ट सांगताना ते खाटेवरचे पाय खाली घेत. ९ एप्रिल १९४५. दोन्ही काठांना उंच बांध, त्यात जर्मनांच्या मशीनगन. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव कंपनीचे निरोपे. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग तीन मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर उभं राहून, मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्यांना अलीकडून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक; इटलीत दिल्या गेलेल्या २० पैकी ६ भारतीय सैन्याला मिळाले. त्यातला एक जाधवांचा.

"आणि आबा, तुम्ही?" मी विचारायचे.

"म्या? त्यांनी बोलावलं, म्या पलीकडं गेलो."

याच्या पुढे कधी एक शब्द नाही. मीही कधी खोदून विचारलं नाही, ते आज फार लागतं मनाला.

इथे हाइड पार्क कॉर्नरजवळच्या मेमोरियल गेट्सपाशी एक छत्री आहे. आत मान वर करून पाहिलं की व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्यांची नावं दिसतात. जाधवांचं आणि १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेल्या यशवंत घाडगे यांचं नाव मी तिथे मोठ्याने वाचलं. आबांचं नाव तिथे असायचं कारण नाही. तरी मी तेही घेतलं.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. घराला कुलूप. खिडकीच्या गजातून त्यांची लोखंडी ट्रंक दिसली. झाकणावर पांढऱ्या रंगात पलटणीचा नंबर होता. पहिले आकडे गंजलेत, शेवटचे तीन मात्र अजून वाचता येतात.