आधी टोक, मग पिन
(फोंडा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

काजूगर खाता खाता हसलेलं मूल एकदम ठसकतं, काळंनिळं होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा अंगणात पळतं. घरचे म्हणतात, ‘गेला पोटात.’ फसगत इथंच होते. तुकडा खाली सरकून फुप्फुसाच्या नळीत बसलेला असतो. बहुधा उजव्या, कारण ती जास्त रुंद आणि सरळ. एक्स-रेवर काजूगर दिसत नाही. मुलाच्या उघड्या तोंडाशी कान न्या, दम्यासारखी शीळ ऐकू येईल. ही खूण डॉक्टरांना शिकवली अमेरिकन घसातज्ज्ञ शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी.

जन्म पिट्सबर्गचा, 1865 चा. वैद्यकीय पदवी 1886 ची, फिलाडेल्फियाच्या जेफरसन कॉलेजची. दुर्बिणीने श्वासनळीतून हाड काढण्याचा पहिला मान त्यांचा नव्हे. तो जर्मनीतल्या गुस्ताव्ह किलियन यांचा, 1897 चा. जॅक्सन यांनी बारीक दिवा दुर्बिणीच्या नळीच्या आतल्या टोकाशी नेला. बाहेरून टाकलेला उजेड चिमटा आत घालताच अडतो, हे उघड आहे. पण उपाय करावा लागतो.

आता मोजमाप बघा. तान्ह्या बाळासाठी दुर्बिणीची नळी 4 मिलिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब; मोठ्या माणसासाठी 9 मिलिमीटर, 40 सेंटिमीटर. एवढ्या भोकातून एकाच डोळ्याने बघायचं, म्हणजे खोलीचा अंदाज जातो. म्हणून आधी रबरी नळीवर सराव, मग रुग्ण. रुग्णाची मान पुढे, डोकं मागे. डोकं धरणारा मदतनीस ढिला पडला तर सगळा खेळ बिघडतो.

उघडी सेफ्टी पिन दिसली की नवशिक्या ती धरून ओढतो. जॅक्सन आधी टोक शोधत. पुढे घुसणारं टोक भोक पाडतं, मागून फरफटत येणारं पाडत नाही. अन्ननलिकेत टोक वर असेल तर पिन जठरात ढकलायची, तिथं फिरवायची आणि स्प्रिंगकडून बाहेर आणायची. शेंगदाण्याला उलटी शिस्त: चिमटा जोरात दाबला की त्याचे तुकडे दोन्ही फुप्फुसांत पसरतात. चिमट्याची पाती दोन्ही बाजूंच्या फटींतून दाण्यापलीकडे न्यायची आणि हलकेच मिटायची.

कॉस्टिक सोड्याने अन्ननलिका जळालेली मुलं त्यांच्याकडे येत. व्रण भरताना नलिका आवळते; घोटभर पाणीही उतरत नाही. ती रुंद करत बसण्यापेक्षा डब्यावर ‘विष’ लिहायला लावणं सोपं, असं त्यांना वाटलं. वर्षानुवर्षं मागे लागून 1927 मध्ये त्यांनी अमेरिकेत तसा कायदा करवला.

श्वासासाठी नळी बसवायला श्वासनळीला छेद देताना तो कंठाला खेटून देऊ नका, हेही त्यांनी 1921 मध्ये ठासून मांडलं. कंठाखालचं क्रिकॉइड कूर्चेचं कडं पूर्ण गोल असतं. बसवलेल्या नळीचा दाब तिथं पडला की कूर्चा सडते, व्रण आवळतो आणि नळी कायमची गळ्यात राहते.

स्वतः क्षयाने अनेकदा अंथरुणाला खिळूनही ते 1958 पर्यंत जगले. काढलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवत. मालकाने मागितली तरी देत नसत. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयातल्या खणांत आज 2,374 वस्तू आहेत: पिना, बटणं, नाणी, हाडं, दाणे.