बूस्टचा स्क्रू सगळ्यात शेवटी

विषय जाहीर झालाय ‘जुन्या टर्बो गाडीचं ट्यूनिंग : क्रम आणि पद्धत’. क्रमाकडे येतोच. पण आधी एक गाऱ्हाणं मांडू द्या, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात आत्ता ब्लीड व्हॉल्व्ह असणार, म्हणजे बूस्ट (टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब) वाढवायचा तो स्क्रू. (हशा)

उदाहरणाला रेनॉ 5 जीटी टर्बो घेऊ. गाडी 1985 ची, पण तिचं 1397 सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, ते 1962 पासूनचं. लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, आठ व्हॉल्व्ह. त्यावर गॅरेटचा टी2 टर्बो, आणि त्यानं दाबलेली हवा जाते कुठून, तर कार्बोरेटरमधून! तरीही 115 अश्वशक्ती, आणि वजन साडेआठशे किलोच्या आसपास. मोह होणारच.

मग मालक काय करतो? वेस्टगेट ही टर्बो फिरवणारा जादा धूर बाजूनं काढून देणारी झडप. ती दाबावर उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला जाणाऱ्या नळीत तो व्हॉल्व्ह बसवतो. नळीतला थोडा दाब बाहेर सुटला की अ‍ॅक्च्युएटर फसतो, वेस्टगेट उशिरा उघडतं, आणि 0.7 वरचा काटा 1 बारवर जातो. काम पाच मिनिटांचं. माझ्या एका मित्रानं हेच केलं. गाडी अशी पळू लागली की साहेब मुद्दाम चढ शोधत फिरायचे. एका रणरणत्या दुपारी इंजिनातून बारीक टणटण ऐकू आली. यांनी टेपचा आवाज वाढवला. (हशा) पुढं धूर, मग गाडी ओढून आणणं. प्लग काढून मी भिंगाखाली धरला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके, आणि मध्येमध्ये चकाकणारे कण. ते कण पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे! इंजिन उघडलं तर दोन रिंगांमधली कड तुटलेली. आणि साहेब दोष देत होते पेट्रोलला.

दोष उष्णतेचा होता. 25 अंशांची हवा 1 बार बूस्टनं दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती 115 अंशांच्या वर गेलेली असते. ती थंड करणारा इंटरकूलरच तापलेला असेल, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण ठिकठिकाणी आपोआप पेटतं. बूस्ट वाढवलं, म्हणजे इंजिनाकडून उधारी घेतली.

बरं, घड्याळ दाखवताहेत. क्रम धावतच सांगतो. आधी कॉम्प्रेशन आणि गळती तपासा. मग इंटरकूलर मोठा करा. मग इंधन. दाबाखालच्या कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब कायम बूस्टपेक्षा जास्त हवा, नाहीतर ऐन जोरात टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी. पेट्रोल सोडणारे जेट वाढवा, धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड लॅम्बडा सेन्सर लावा. पूर्ण बूस्टवर एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते बारा भाग हवा, पूर्ण ज्वलनाचा पुस्तकी 14.7 चा आकडा तिथं विसरा. बूस्टमध्ये ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घ्या. यानंतर बूस्टचा स्क्रू, तोही बारच्या दहाव्या हिश्शानं, आणि दर वेळी प्लग काढून पाहा.

कॅम आणि हेडचं काम राहिलंच. चिठ्ठी आलीय, पाय उचलल्यावर जादा दाब फुस्सकन सोडणाऱ्या डंप व्हॉल्व्हनं किती अश्वशक्ती वाढते? शून्य. पुढचे वक्ते खोळंबलेत, थांबतो.