स्टेपनी एकदा काढून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

जूनचा दुसरा आठवडा. चिपळूणहून कराडला निघालो होतो. कुंभार्ली घाटात वरच्या वळणांवर गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं, तर पुढचं डावं चाक पार बसलेलं. वर पाऊस, समोर धुकं, गाडीत आई आणि दोन मुलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. तरी जवळपास तासभर आम्ही तिथेच अडकलो, कारण चाकाचा एकही नट हलेना. महिन्यापूर्वी नवे टायर घातले, तेव्हा दुकानात हवेच्या गनने नट आवळले होते. ते वीतभर पान्याला दाद देत नव्हते.

शेवटी एक एसटी थांबली. चालकदादा उतरले. पाना नटावर आडवा बसवला, दांडा डाव्या हाताला, आणि त्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकला. कट्ट! नट सुटला. "साहेब, हाताचा जोर पुरत नाही, अंगाचं वजन घालायचं," एवढं बोलून ते गाडीवर गेलेसुद्धा. उरलेले तीन नट मी तसेच काढले. पुढे कळलं की स्टेपनीत हवा निम्मीच होती. घाटमाथ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत जीव मुठीत धरून गेलो.

म्हणून आज माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी, कोरड्या आणि सपाट जागी, दिवसाउजेडी, आपल्या गाडीचं एक चाक स्वतः काढून परत बसवा. घरात जे जे गाडी चालवतात त्यांना सोबत घ्या, मुलींना आणि सुनांना आवर्जून घ्या.

स्टेपनी हा शब्द आपण रोज वापरतो, तो एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समध्ये लनेली नावाचं गाव आहे, तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाकच नसायचं. 1904 च्या सुमारास या भावांनी टायर चढवलेली तयार रिंग विकायला काढली. तिकडे तो शब्द मागे पडला. आपल्या गॅरेजांत अजून नांदतोय.

आता रविवारचं काम. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर. जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा. गाडीत कुणी बसू नये. आणि इथे बहुतेकांची चूक होते: आधी जॅक लावतात, मग नट सोडायला जातात. चाक अधांतरी असलं की नटाऐवजी चाकच फिरतं, जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा, मग जॅक. जॅक कुठेही लावायचा नाही. दाराखालच्या पत्र्याला त्यासाठी खाचा असतात, वाकून बोटाने चाचपून बघा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक दगा देऊन गेलाच, तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्या हातावर नाही. बसवताना नट आधी हाताने फिरवायचे, मग समोरासमोरचे जोडीने आवळायचे, आणि शेवटचा आवळा गाडी खाली उतरवल्यावर.

रस्त्यावर हेच करताना लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि माणसांना रस्त्याच्या कडेपलीकडे उभं करा. वळणावर चाक बदलू नका. रिंग खराब झाली तरी चालेल, पण गाडी हळूहळू मोकळ्या जागी न्या.

स्टेपनी बाहेर आलीच आहे, तर तिची हवा तपासा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असतानाच मोजायचं. गाडी पळवून आल्यावर आकडा फुगलेला दिसतो. कमी हवेचा टायर भरधाव वेगात सतत चेपतो, बाजूने तापतो आणि फुटतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, तापलेल्या रस्त्यावर निघणाऱ्यांनी हे अजिबात टाळू नये.

टायरचं वयही वाचता येतं. बाजूवर 'डॉट'नंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मी वाचले, तेव्हा माझी स्टेपनी नऊ वर्षांची निघाली. घाटातल्या त्या दिवसापर्यंत एकदाही न वापरलेली, नक्षी शाबूत, पण रबराला केसासारख्या बारीक चिरा. नक्षीच्या खोबणीत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर आली, की टायर संपला. ओल्या रस्त्यावर तो पाणी बाजूला सारत नाही, पाण्यावर तरंगतो.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चरचं किट असतं. तुमच्यात काय आहे ते आजच डिकी उघडून बघा. बारीक, वेगळी स्टेपनी असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा 80.

आणि चाक बदलल्यावर पन्नास-साठ किलोमीटरनी थांबून नट पुन्हा एकदा आवळा. माझ्या डिकीत आता पान्याच्या दांड्यावर चढणारा दोन फुटी लोखंडी पाइप असतो. परवा धाकट्या मुलीने तोच लावून, माझा हात न लागता, मागचं चाक उतरवलं.

नमस्कार.