कडू दाण्याची ओळख

[दृश्य: सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर. ओट्यावर तीन पुड्या, शेजारी स्टीलचं ताट.]

लिस्बनच्या बाजारातून मी तीन पुड्या आणल्या. नावं पोर्तुगीज. आत्यानं ती वाचलीच नाहीत. तिनं दाणे ताटात पसरले, चष्मा पुसला आणि एकेक दाणा उलटा करून त्याचा डोळा बघितला. डोळा म्हणजे दाणा शेंगेला जिथं चिकटलेला असतो, तिथली खूण.

पहिली पुडी तिनं लगेच बाजूला सारली. ''ही चवळी.'' बरोबर होतं. मूळ आफ्रिकेतली चवळी युरोपातही रुळली आणि आपल्याकडेही.

दुसरे दाणे बदामी, त्यांवर तांबड्या रेघा. ''हा तर वाघ्या घेवडा!'' पुडीवर लिहिलं होतं, कातारीनु. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, कातारीनु आणि राजमा एकाच जातीचे, मूळचे अमेरिका खंडातले. शिजले की रेघा जातात.

[दृश्य: पातेल्यात उकळणारं पाणी.]

हे दाणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. पाणी न उकळता मंद आचेवर दाणे नुसते कोमट ठेवले, तर ते नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. निदान १० मिनिटं तरी खदखदलेच पाहिजेत. कुकर सगळ्यात बरा. चिंच-गूळ मात्र दाणा मऊ झाल्यावरच. चिंचेचा आंबटपणा आणि गुळातलं कॅल्शियम दाण्याला लवकर शिजू देत नाहीत. आत्याला कॅल्शियमचं ठाऊक नव्हतं, पण आमटीत चिंच-गूळ ती नेहमी शेवटीच घालते.

[दृश्य: तिसरी पुडी. पिवळट, चपटे, चौकोनी वळणाचे दाणे, मधे खळगा.]

इथं ती थांबली. ''वालासारखा दिसतो, पण वालाच्या डोळ्यावर पांढरी लांब कड असते. याला नाही. हा मला माहीत नाही.''

ती हे म्हणाली, म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर मी ते दाणे भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून उसळच केली असती. नाव होतं त्रेमोसू, म्हणजे ल्युपिन. त्यात अल्कलॉइड नावाची कडू, विषारी द्रव्यं असतात. तसेच खाल्ले तर तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. कडवे वाल आवडीनं खाणाऱ्या आपल्या घरांत कडू दाण्याची कुणाला भीती वाटत नाही. इथं वाटायला हवी. हा कडूपणा चवीचा नाही, विषाचा आहे, आणि तो नुसत्या शिजवण्यानं जात नाही. त्याला पाण्यानंच काढावं लागतं. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांनी तर हा दाणा खाऊच नये.

दिवसभर भिजवले. उकडले. मग रोज दोन-तीनदा ताजं पाणी. काढलेलं पाणी थेट मोरीत, कशातही वापरायचं नाही. रोज एक दाणा चावून बघायचा आणि थुंकायचा. चौथ्या दिवशी कडू. सहाव्या दिवशीही कडूच. आत्या वैतागली नाही. पाणी बदलायला सकाळी माझ्याआधी उठायची.

[दृश्य: आठवा दिवस.]

तिनं दाणा चिमटीत धरला, साल सोडवली, अर्धा दाणा चावला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग मिठाची वाटी पुढे ओढली.